बुऱ्हाणपूरचा उदीम

श्रोतेहो, बुऱ्हाणपूरचे नाव निघाले की मराठी माणसाला बहुधा दोन गोष्टी आठवतात. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी, १६८१ साली, हंबीरराव मोहित्यांनी या शहराच्या बहादुरपुऱ्यावर घातलेला छापा ही एक. आणि त्याच्या अर्धशतक आधी, १६३१ साली, मुमताजमहालचा येथे झालेला अंत ही दुसरी. एकीत लूट आहे, दुसरीत शोक आहे. पण जेथे लुटून नेण्याजोगे काही होते, तेथे ते कोणी तरी आधी मिळविलेही असले पाहिजे, हा विचार इतिहासाच्या तासाला सहसा कोणी करीत नाही. वीस वर्षे तो विषय शिकवूनही मी केला नव्हता. तो करण्याची पाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझ्यावर आणली. त्याचीच हकिकत आज सांगावयाची आहे.

हा मुलगा भुसावळला माझ्या वर्गात होता. सध्या तो पुण्यास व्यवस्थापनशास्त्र शिकतो. त्याच्या संस्थेने विद्यार्थ्यांना एक अभ्यासदौरा नेमून दिला होता. विषय होता, उगवत्या बाजारपेठेतील उद्योजकता. त्याचे काही सोबती परदेशी गेले, काही बंगळुराला गेले. परदेशवारी ह्याच्या खिशाला परवडणारी नव्हती, म्हणून त्याने आपल्या मामाचे गाव निवडले. "बाई, तुम्ही इतिहास शिकवता, बरोबर चला," असा त्याचा निरोप आला, आणि सुट्टी असल्यामुळे मी निघाले. भुसावळहून बुऱ्हाणपूर म्हणजे आगगाडीचा तासाभराचा प्रवास. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशने मागे पडतात. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा धावत असतात. आणि महाराष्ट्राची सीमा केव्हा ओलांडली हे केळीच्या पानांवरून मुळीच कळत नाही.

गाडीत त्याने मला आपली प्रश्नावली दाखविली. तुमचे भांडवल किती, तुम्ही जोखीम कोणती पत्करता, नवीन काय केले, नफा कोठे गुंतवला, असे चाळीसएक प्रश्न होते. मी त्याला विचारले, "उगवती बाजारपेठ म्हणजे कोणती रे?" तो म्हणाला, "जेथे धंदा आता कोठे वाढीला लागतो आहे, ती." मी म्हटले, "मग आपण चुकीच्या गाडीत बसलो आहोत. हा बाजार चारशे वर्षांपूर्वीच उगवून माथ्यावर आला होता."

श्रोतेहो, ही थट्टा नव्हती. तापीच्या उत्तर तीरावरचे हे शहर फारुकी सुलतानांनी वसविले आणि शेख बुऱ्हाणुद्दीन या सत्पुरुषाचे नाव त्याला दिले. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारा आणि सुरतेच्या बंदराकडे जाणारा, असे दोन्ही मार्ग येथे मिळत. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून अजमेरला जाताना येथे थांबला, जहांगीराचा मुलगा परवीझ याला भेटला, आणि त्याने मागणी काय केली? येथे वखार घालण्याच्या परवानगीची! पुढे ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ साली येथे आला. येथील तलम, आरपार दिसणारी मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे तो लिहून गेला आहे. म्हणजे धंदा कसा करावा हे पाहण्यासाठी बुऱ्हाणपूरला येणारा माझा विद्यार्थी काही पहिला नव्हे. चारशे वर्षांच्या रांगेतला तो अगदी अलीकडचा.

शहरात शिरल्यावर आम्ही प्रथम कुंडी भंडारा पाहिला. दोह्यांमुळे सर्वांना ठाऊक असलेला अब्दुर्रहीम खानखाना येथे अधिकारावर असताना, १६१५ च्या सुमारास, ही पाण्याची योजना झाली. तिचा कर्ता तबकतुल अर्ज नावाचा इराणी जाणकार, असे सांगतात. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपत जाणारे पाणी जमिनीखालीच गाठून बोगद्याने शहराकडे वळविले आहे. त्या बोगद्यावर ओळीने शंभरावर कुंड्या, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या वाटा, खोदल्या आहेत; त्यांतून आत हवा जाते, उजेड जातो, आणि दुरुस्तीला माणूसही उतरतो. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी चालते. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचा समावेश झाला.

पाळण्यातून आम्ही खाली उतरलो. गार अंधारात पाणी मुकाट्याने वाहत होते. माझ्या विद्यार्थ्याने वही काढली आणि विचारले, "बाई, ह्याचा उद्योजकतेशी संबंध काय लिहू?" मी म्हटले, "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, एवढेच लिही." ज्या शहरात छावणी पडते, बाजार भरतो, रंगारी आणि धोबी काम करतात, तेथे आधी पाणी लागते, आणि ते एकट्या व्यापाऱ्याच्या कुवतीचे काम नसते. कोणी तरी नफ्याचा हिशेब न मांडता ते आधी करून ठेवावे लागते.

जे पाण्याचे, तेच पतीचे. बुऱ्हाणपूरचा दुसरा नावाजलेला माल म्हणजे जर. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटिअरात तिची हकिकत आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ वर्ख चढवीत, आणि ती कांब लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढीत ओढीत केसासारखी तार काढीत. कापडाचे सगळे मोल त्या धातूच्या शुद्धतेवर असे. म्हणून हे काम सरकारच्या नजरेखाली टाकसाळीत चाले, आणि चौकसी नावाचा वंशपरंपरागत पारखी येणाऱ्या सोन्याचांदीचा कस पाही. दूरच्या मुलखातला गिऱ्हाईक कारागिराला ओळखत नसे. तो बुऱ्हाणपूरच्या कसाला ओळखत असे. पुढे दरबार गेले, उंची वस्त्रे नेसणारे गेले, आणि जरही ओसरली. पण माल विकण्याआधी विश्वास विकावा लागतो, हा पाठ त्या चौकसीने घालून दिला होता.

दुपारी आम्ही मामांच्या घरी पोहोचलो. आजचे बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव आहे. मोमीन अन्सारी विणकरांचे मोहल्लेच्या मोहल्ले येथे आहेत. त्यांच्या शेजारी इतर जातींचे, मराठी बोलणारे मागवालेही आहेत. अस्तराचे कापड, बकरम, जखमेवर बांधण्याच्या पट्ट्यांचे कापड, असा साधा, नाव नसलेला माल येथे निघतो. आपल्या सदऱ्याची कॉलर ताठ उभी राहते ती आतल्या बकरमामुळे. पण ते बकरम कोणी विणले हे कोण विचारतो?

मामांची शेड म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली लांबोडकी खोली. दहा माग खडखडत होते. त्या आवाजात बोलणे म्हणजे ओठांच्या हालचाली वाचणे. दाराशी मामी कांड्या भरीत बसल्या होत्या. वीज गेली तेव्हा एकदम शांतता झाली, आणि भाच्याने प्रश्नावली उघडली.

"मामा, कच्चा माल कोठून घेता?"

"मी कुठं घेतो? सूत सेठचं. सायझिंगमधून खळ लावलेला भीम माझ्या दारात येतो. मी विणतो, कच्चं कापड त्याच्याकडं जातं, मला मीटरमागं मजुरी मिळते."

"म्हणजे भाव पडला तर नुकसान त्यांचे. तुमची जोखीम काहीच नाही?"

मामा हसले. म्हणाले, "भाव पडला तर त्याचं सूत अडकतं, खरं आहे. पण भीमच आला नाही, तर माझे माग अडकतात. वीज गेली, धोटा तुटला, कारागीर गावी गेला, तर दिवस माझाच बुडतो. त्याच्या सुताला गोदाम आहे; माझ्या दिवसाला कुठं गोदाम आहे?"

इचलकरंजीकडे अशा मागवाल्यांना खर्चीवाले म्हणतात. माग त्यांचे, जागा त्यांची, विजेचे बिल त्यांचे. कापड मात्र दुसऱ्याचे. त्या गावी १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्याने पहिला यंत्रमाग बसविला, आणि त्यातून एका खेडेवजा गावाचे उद्योगनगर झाले. भिवंडी, मालेगाव, बुऱ्हाणपूर या गावांची चाल थोडीफार हीच. मागांची संख्या वाढली. पण जो माग चालवतो तोच कापडाचा धनी, असे घडले ते थोड्यांच्या बाबतीत.

भाचा लिहीत होता. त्याच्या तक्त्यात तीन रकाने होते: उद्योजक, कारागीर, मजूर. मामांनी ते पाहिले आणि विचारले, "मला कुठं घातलंस?" मुलाची पेन्सिल थांबली. पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे मामा उद्योजक ठरत नव्हते, कारण माल त्यांचा नव्हता; आणि मजूर म्हणावे, तर दहा माग त्यांच्या नावावर होते. उत्तर टाळावे म्हणून त्याने पुढचा प्रश्न घेतला. भिंतीपाशी फरशीत दोन ठिकाणी बोल्टांच्या खुणा आणि तेलाचे डाग होते. "येथे दोन मागांची जागा रिकामी का? उत्पादनक्षमता पुरी का वापरीत नाही? नफा परत धंद्यात का घातला नाही?"

मामा काही बोलले नाहीत. मामी कांडी भरता भरता म्हणाल्या, "ते दोन माग तू पुण्याला गेलास त्या वर्षी भंगारवाल्याला दिले. तुझी पहिली फी त्यातून भरली. तुझ्या आईला सांगायचं नाही, असं ठरलं होतं."

श्रोतेहो, त्या खोलीत आम्ही काही वेळ तसेच बसून राहिलो. वीज आली, माग सुरू झाले, आणि त्या खडखडाटाने आम्हां सर्वांचीच सुटका केली. नफा कोठे गुंतवला, या प्रश्नाचे उत्तर प्रश्न विचारणाराच होता. आणि त्याच्या चाळीस प्रश्नांच्या तक्त्यात त्या गुंतवणुकीला रकाना नव्हता.

रात्री जेवणानंतर खरी गोष्ट निघाली. उरलेले मागही जुने झाले होते. भंगारवाला पुन्हा येऊन गेला होता. दिवाळीपर्यंत होय की नाही ते सांगा, असे म्हणाला होता. कर्ज काढून नवे माग घ्यावेत, तर भीम वेळेवर मिळेल याची शाश्वती नाही. मजुरीही महिनोन्‌महिने थकते. भाच्याने उत्साहाने सांगितले, "मामा, कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. आणि २०२४ पासून आयकराचे नियमही असे झाले आहेत, की मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या हिशेबात वजा घालता येत नाही. फक्त तुमची उद्यम नोंदणी पाहिजे." मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "नोंदणी करतो. पण पंचेचाळिसाव्या दिवशी मी कागद दाखवला, की सेहेचाळिसाव्या दिवशी भीम शेजारच्याच्या दारात जाईल. मग?"

या 'मग'चे उत्तर कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. ते शेजाऱ्याच्या घरात सापडते. शेजारच्यानेही तोच कागद दाखविला, तर भीम जाणार कोठे?

दुसऱ्या दिवशी आम्ही नेपानगरला गेलो. तुम्ही आम्ही सकाळी जे वर्तमानपत्र उघडतो, त्याच्या कागदाशी या गावाचे जुने नाते आहे. १९४७ साली खाजगी भांडवलावर येथे कागदाची गिरणी काढण्याचे ठरले. काम मालकांना झेपेना, तेव्हा १९४९ साली प्रांतिक सरकारने ते हाती घेतले. १९५५ मध्ये देशातला पहिला वृत्तपत्री कागद येथे निघू लागला, आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते गिरणीचे रीतसर उद्घाटन झाले. यंत्रे जुनी झाल्यामुळे २०१६ मध्ये ती बंद ठेवावी लागली आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. उलट, बुऱ्हाणपूर स्टेशनाजवळच्या लालबागेतील ताप्ती मिल ही १९०६ सालची. १९७४ मध्ये ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २०२० च्या टाळेबंदीत तिची चाके थांबली. सरकारने हात दिला म्हणून एक गिरणी जगली आणि सरकारच्याच हातात दुसरी थांबली. तेव्हा खाजगी की सरकारी, एवढ्यावर धंद्याचे भवितव्य ठरत नाही. यंत्र जुने होण्याआधी नव्याची तजवीज कोण करतो, यावर ते ठरते.

परतताना एका केळीच्या बागेत थांबलो. केळीला एकदाच घड येतो. घड उतरला की खांब तोडावा लागतो, आणि तो शेतकऱ्याच्या जिवाला ओझे होतो. आता या जिल्ह्यात बायकांचे बचतगट त्या खांबाचा तंतू काढून पिशव्या, टोप्या, चटया करतात. काल जो कचरा म्हणून बांधावर टाकला, तो आज बाजारात जातो. विद्यार्थ्याने आपल्या 'नवीन काय केले' या प्रश्नापुढे हे टिपून घेतले. मी मात्र त्या बायकांचे हिशेबाचे वहीपान पाहत होते. प्रत्येकीचे नाव, प्रत्येकीने काढलेला तंतू, प्रत्येकीचे पैसे; आणि खाली सगळ्यांच्या सह्या. टाकसाळीतला चौकसी मला तेथे पुन्हा भेटला.

मुलानेही ते पान पाहिले असावे. त्या संध्याकाळी त्याने प्रश्नावली उघडलीच नाही. मामांना आणि शेजारच्या चार मागवाल्यांना त्याने एकत्र बसविले. त्यांतले दोघे अन्सारी होते, एकाशी मामांचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते. सगळा धंदा सोडून सेठशी भांडा, असे त्याने सांगितले नाही. ते शहाणपणाचेही नव्हते. पाच जणांनी मिळून वर्गणी काढावी, एका भिमाचे सूत स्वतः घ्यावे, प्रत्येकाने एकेक माग त्यासाठी राखावा, आणि ते कापड स्वतः विकून पाहावे. बाकीचे माग सेठच्या मजुरीवर चालू द्यावे, एवढेच त्याने सुचविले. हिशेब लिहिण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. रात्री उशिरापर्यंत वाद झाला. बुडाले तर काय, हा प्रश्न प्रत्येकाने एकेकदा विचारला. शेवटी मामा म्हणाले, "बुडालं तर पाचांत वाटून बुडेल."

या गोष्टीला आता काही महिने झाले. पहिल्या भिमाचे कापड विकले गेले. मजुरीपेक्षा चार पैसे अधिक सुटले, फार नाहीत. दुसऱ्याचे पैसे अजून यावयाचे आहेत. भंगारवाल्याला मामांनी दिवाळीत 'पुढल्या वर्षी या' असे सांगितले. हे यश आहे असे मी म्हणणार नाही. पण ते उत्तर मामांचे स्वतःचे होते.

परतीच्या गाडीत माझा विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, तुम्हांला आठवते का? सातवीत 'मी कोण होणार' या निबंधात मी लिहिले होते, मी मामांसारखे माग चालवीन. तुम्ही खाली लाल शाईने लिहिलेत, 'ध्येय उच्च असावे.'"

मला आठवत नव्हते. पण ते अक्षर माझेच असणार, यात शंका नव्हती. कारण तसे मी कितीतरी वह्यांत लिहिले आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी, ही म्हण मी मुलांकडून पाठ करून घेत आले, आणि त्याच तासाला त्यांनी चाकरीचे स्वप्न पाहावे अशी अपेक्षाही धरीत आले. डॉक्टर होईन, इंजिनिअर होईन असे लिहिणाऱ्याला मी शाबासकी दिली. शेतकरी होईन, मागवाला होईन असे लिहिणाऱ्याला सुधारून दिले. आता परराष्ट्रांतून विद्वान येतात आणि आपल्या लहान लहान धंद्यांत काय शहाणपण आहे ते वह्यांत उतरवून नेतात. आणि आपली मुले तेच शहाणपण शिकण्यासाठी फी भरून दूर जातात. मधल्या काळात शाळेने काय केले, असे कोणी विचारले, तर मला त्या लाल शाईकडे बोट दाखवावे लागेल.

म्हणून यंदा मी एक लहानसा प्रयोग आरंभिला आहे. आठवीच्या प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका धंद्याचा एका महिन्याचा हिशेब लिहून आणावयाचा. सूत, बी, दूध किंवा पीठ कोणाचे, वेळ कोणाचा, माल पडून राहिला तर तोटा कोणाचा, पैसे कितव्या दिवशी मिळाले, आणि नफा उरला तर तो कोठे गेला? शेवटच्या प्रश्नापुढे एका मुलीने परवा लिहिले आहे, 'माझ्या शाळेच्या बुटांत.' त्याखाली मी काहीही लिहिले नाही. फक्त तारीख घातली आणि सही केली.